मालकाची खुर्ची

तपासणीला आलेल्या साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि सेठ म्हणाला, “चल, उठ. और कुर्सी पोंछ दे.”

मी उठलो. माझ्याच गमछ्यानं खुर्ची पुसली. मीच बसलो होतो त्या खुर्चीत. पाठसुद्धा टेकवली नव्हती.

हथखोजच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या पाटीवर नाव माझं. मालक मी. कागदावर. माल वाहतुकीची काही कामं सरकारनं आमच्या जातीच्या लहान धंदेवाल्यांसाठी राखून ठेवली, म्हणून सेठनं आपल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे माझ्या नावानं फर्म काढली. टेंडर भरायला लागते ती डिजिटल सही, पेनड्राइव्हएवढी, त्याच्या ड्रॉवरमध्ये. पासवर्ड त्यालाच ठाऊक. साहेब आले की मी खुर्चीत. साहेब गेले की दाराशी, चपलांजवळ. इकडे असंच चालतं.

घरी जाऊन गमछा धुवायला बसलो. बायको म्हणाली, “कावून धुऊन राहिले तुमी? कालच तं धुतला.”

“खुर्ची पुसाले लावली त्यानं मले.”

ती हळूच म्हणाली, “सही तं तुमची हाय ना? पकडलं तं जेलात तुमीच जाल.”

तोवर मी सेठला भीत होतो. त्या दिवसापासून माझ्याच सहीला भ्यायला लागलो.

पुढच्या तपासणीला पुन्हा खुर्चीत बसवलं. सेठ बाजूला हात बांधून, जणू माझा मुनीम. साहेबांनी विचारलं, “आपकी कितनी गाड़ियाँ हैं?”

पढवलेलं उत्तर तोंडात होतं. मी ते गिळलं.

“एक भी नहीं, साहब. मैं इनका ड्राइवर हूँ.”

सेठ हसला. “पागल है, सर.” साहेब हसले नाहीत.

मी ड्रॉवर उघडला, माझी सही उचलली, खिशात टाकली. सेठच्या देखत. निघताना सवयीनं हात गमछ्याकडे गेला. मागे घेतला. खुर्ची तशीच सोडली.

नोकरी गेली. सेठची माणसं आमच्या गल्लीत उभी असतात. पोराला शाळेत सोडताना मी दहादा मागे बघतो. भीती वाटते. खूप वाटते, कशाला लपवू? साहेबांनी चौकशी लावलीय, जबाब द्यायला मलाही बोलावलंय. इतकी वर्षं गप्प बसलो, त्याची शिक्षा होईल तर होवो. सुटलो तर एकच गाडी घेईन आणि टेंडर भरीन, माझ्या गाडीवर.

उद्या जबाबावर सही करायची आहे. हात थरथरेल. पण सही मी करीन.