दादाने पाण्याचं सोंग आणलं

माझा थोरला भाऊ सोंगाड्या होता. पेशवाईतल्या पुण्यात तमाशाच्या फडांना तोटा नव्हता, पण कसबा पेठेत नुसतं ‘सोंगाड्या’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आमचा दादाच यायचा.

आम्ही जातीचे तांबट. घरात उजाडल्यापासून ठोकाठोक सुरू. वडिलांना, म्हणजे आबांना वाटायचं की थोरल्याने भट्टी सांभाळावी. दादा भट्टीपाशी बसायचाही. पण गिऱ्हाईक आलं की त्याचा हात थांबायचा. घागर घ्यायला आलेली बाई घागर कशी वाजवून बघते, भाव ऐकून कशी पाठ फिरवते आणि तरी दाराशी कशी रेंगाळते, हे तो बघत बसायचा. बाई गेली की थोड्या वेळाने तीच बाई पुन्हा दारात उभी. तोच पदर, तीच मान. आम्ही हसून लोळायचो. आबा मान वर न करता म्हणायचे, “पातेलं ठोकायला सांगितलं तर हा पातेल्याची नक्कल करेल. पातेलं तेवढं व्हायचं नाही.”

शेवटी तो फडात गेला आणि त्याच्यामागे मीही गेलो. मला ढोलकीचा नाद होता. दिवसा मी आबांच्या हाताखाली तांबं ठोकायचो आणि खेळ असला की ढोलकी घेऊन दादाच्या मागे उभा राहायचो. त्यामुळे त्याचं जवळजवळ प्रत्येक सोंग मी पाहिलं, आणि तेही पाठीमागून. लोकांना त्याचा चेहरा दिसे. मला त्याची पाठ दिसायची आणि समोरच्यांचे चेहरे. लेकीला सासरी पाठवणाऱ्या आईचं सोंग तो आणायचा. लेक शांतपणे गाडीत बसते आणि आईच रडून गोंधळ घालते, असं ते होतं. लोक पोट धरून हसायचे. एकदा पुढे बसलेला एक म्हातारा हसता हसता खरंच रडू लागला. खेळ संपल्यावर दादा त्याच्यापाशी जाऊन बसला आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिला. काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलं नाही.

हळूहळू त्याला मोठ्या वाड्यांतून बोलावणी येऊ लागली. आमच्या पेठेपासून फार लांब न राहणाऱ्या एका सरदाराची त्याच्यावर विशेष मर्जी होती. त्या सरदाराने दादाला शेला दिला, हातात चांदीचं कडं घातलं आणि दर शिमग्याला आपल्या चौकात त्याचा खेळ ठेवला. वहिनी ते कडं बघून म्हणाली, “छान आहे. आता हे घालून पाणी भरायला चला.”

ती हे उगीच बोलली नव्हती. पुण्याला तेव्हा कात्रजच्या तळ्याचं पाणी यायचं. जमिनीखालून दगडी नळ बांधून ते शहरातल्या हौदांत सोडलं होतं. आमच्या भागातला हौद माघ सरला की आटायला लागायचा. बायका उजाडायच्या आत घागरी लावून ठेवत आणि हौदाच्या तळाचं गढूळ पाणी वाटीवाटीने काढत. नाहीतर नदीवर जायचं, आणि उन्हाळ्यातली नदी म्हणजे डबकीच. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. एके सकाळी ती रिकामी घागर घेऊन परत आली आणि उंबऱ्यातच बसली. दादाने विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. कात्रजचं पाणी रागावलंय आमच्यावर. बाकी सगळ्यांकडे जातं.”

“बाकी सगळ्यांकडे म्हणजे?”

“तुमच्या सरदारांच्या बागेतलं कारंजं बघून या. म्हणजे कळेल.”

दादाने ते कारंजं कितीदा तरी पाहिलं होतं. त्याच्या तुषारांत उभं राहून त्याने कौतुकही केलं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “चल, कात्रजला जाऊन येऊ.”

आम्ही चालत गेलो. वाटेत नळातली हवा बाहेर सोडायला बांधलेले दगडी उसासे लागत. दादा प्रत्येक उसाशाला कान लावायचा आणि आतून पाण्याचा आवाज आला की मलाही ऐकायला लावायचा. तळं काठोकाठ नसलं तरी चांगलं भरलेलं होतं. तळ्याची राखण करणारा म्हातारा बांधावर बसला होता. दादाने विचारलं, “यंदा पाणी कमी आहे का हो?”

“न्हाई बा. पानी हाय की रगड. हितनं रोज जातंय.”

“मग आमच्याकडे का येत नाही?”

म्हातारा हसला. “आता त्ये वाटंत कुनाकडं ऱ्हातंय, मला काय ठावं? त्येलाच इचारा.”

परतीच्या वाटेवर दादाची चाल बदलली होती. पदर सावरल्यासारखा हात खांद्याशी जात होता आणि पाऊल जरा लाजत पडत होतं. मी ओळखलं, सोंग अंगात भरायला लागलंय.

शिमगा आला. शिमग्यात सोंगाड्याने कोणाचीही टवाळी केली तरी चालते, असा रिवाज होता. सरदारांच्या चौकात दुपारीच बैठक मांडली. समोर सरदार, त्यांच्या बाजूला दरबारातली चार वजनदार माणसं, वरच्या मजल्यावर चिकाच्या पडद्याआड घरातल्या बायका. दादा निळं लुगडं नेसून आला, नाकात नथ, डोक्यावर आबांनी घडवलेली रिकामी घागर.

“मी कात्रजची लेक,” तो म्हणाला. “कसब्यात दिलीय मला. चाललेय सासरी. माझा नवरा तहानलेला आहे हो, म्हणून जरा घाईत आहे.”

लोक हसले. मग लेक वाटेला लागली. पहिल्या वाड्याशी तिला कोणीतरी अडवलं. दादाच आवाज बदलून बोलत होता, “अहो, आलात तशा जरा टेका की! आमच्या घोड्यांना तुमच्या हातची फार सवय झालीय.” लेक लाजत थांबली. पुढच्या वाड्यात हत्ती तिच्यासाठी खोळंबला होता. त्याच्या पुढच्या वाड्यात केळीच्या बागेने तिचा पदर धरला. दर वाड्यागणिक लेक बारीक होत गेली. हे दादाने कसं केलं ते मला मागून बघूनही सांगता येणार नाही. अंग तेच, लुगडं तेच, पण ती रोडावत होती. शेवटी ती एका मोठ्या दरवाज्यात आली आणि तिथला आवाज म्हणाला, “आमच्याकडे काही काम नाही तुम्हाला. नुसत्या उड्या मारा. आम्ही बघत बसू.”

मग दादाने चौकाच्या मध्यभागी उड्या मारायला सुरुवात केली. हात वर, बोटं पसरलेली, वर जाऊन खाली कोसळायचं आणि पुन्हा वर. मागे बागेतलं कारंजं चालूच होतं. वरच्या पडद्याआडून पहिलं हसू फुटलं. एका म्हातारीचं होतं, बहुतेक सरदारांच्या आईचं. आणि मग एकदम सगळे गप्प झाले. दादा मात्र थांबेना. तो धापा टाकत होता. शेवटी खाली बसला, घागर पालथी केली आणि हळूच म्हणाला, “कसब्यात सांगा हो, निघाले होते म्हणून.”

माझी ढोलकी केव्हा थांबली ते मला कळलंच नाही.

सरदार शांत होते. “सोंग उत्तम वठलं,” ते म्हणाले. “आता उतरवा.”

दादाने तिथेच नथ काढली, हातातलं कडं काढलं आणि दोन्ही पायरीवर ठेवलं. नथ वहिनीची होती. ती परत आणायला मला जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शिपाई आले आणि दादाला चावडीवर घेऊन गेले. थोरामोठ्यांची बेअदबी, असा आरोप होता. आबा भट्टीपाशी बसून राहिले. वहिनीने रडारड केली नाही. तिने घागर उचलली आणि चावडीसमोर जाऊन ती पालथी घालून तिच्यावर बसली. हौदावरच्या तिच्या मैत्रिणी आल्या. त्यांच्या सासवा आल्या. दुपारपर्यंत चावडीपुढचा रस्ता बायकांनी आणि रिकाम्या भांड्यांनी भरून गेला. कोणी ओरडलं नाही, पण बसून बसून कंटाळलेली एक बाई बोटांनी घागर वाजवू लागली आणि मग सगळ्याच वाजवू लागल्या. चावडीतला अंमलदार बाहेर आला.

“काय मागणं आहे आपलं?”

वहिनी म्हणाली, “मागणं काही नाही. पाणी नाही म्हणून घरी काम नाही. म्हणून आलो जरा बसायला.”

बायका रोज येऊन बसत राहिल्या, तेव्हा तिसऱ्या दिवशी दरबारातून नळ तपासायला माणसं निघाली. वाड्यांनी मधूनच काढलेले जाडजूड खासगी नळ सापडले, त्यांची तोंडं बारीक केली गेली. आमच्या हौदात पाणी पडलं तेव्हा त्याचा आवाज ऐकायला लोक गोळा झाले होते. दादाला सोडलं, पण पुन्हा परवानगी मिळेपर्यंत शहरात सोंग आणायचं नाही, या अटीवर. त्याला खांद्यावरून मिरवत पेठेत आणलं. आबांनी त्याला पाहिलं आणि एवढंच विचारलं, “जेवलास का?”

ही गोष्ट इथे संपली असती तर दादा पेठेचा लाडका म्हणूनच जगला असता.

पाणी आल्यानंतर काही दिवसांनी आमची गल्ली झाडणारी बाई लांब उभी राहून दादाला म्हणाली, “पानी आलं म्हनं हौदाला. चांगलं केलंत. आमाला मातुर कुनीतरी वरनं वतंल तवाच. आज सकाळधरनं हुबी हाय.” तिच्या लोकांना हौदाला हात लावायची मुभा नव्हती. कोणाला दया येईल तेव्हा तो लांबून त्यांच्या मडक्यात पाणी ओतायचा.

दादा हौदावर गेला आणि त्याने तिचं मडकं भरून दिलं. दुसऱ्या दिवशीही गेला. मग रोजच जाऊ लागला. जितकी माणसं येतील तितकी मडकी तो भरायचा, आणि भरताना प्रत्येकाशी गप्पा मारायचा. ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं तेच आता हौदावरून तोंड फिरवून जाऊ लागले. एक शेजारी म्हणाला, “सोंग सोंगाच्या जागी ठीक असतं. तुम्ही ते रस्त्यावर आणलंत.”

“रस्त्यावर तर तीच उभी होती,” दादा म्हणाला. “मी नंतर आलो.”

आमच्या जातीची बैठक बसली. हे थांबलं नाही तर घराला वाळीत टाकू, असं सांगितलं गेलं. आबांचं सगळं आयुष्य त्या माणसांत गेलं होतं. ते बैठकीतून उठले. घरी आले, तांब्याचा मोठा पत्रा काढला आणि ठोकायला बसले. दादाने विचारलं, काय करताय? तर म्हणाले, “पन्हळ. तू काही जन्मभर ओतत बसणार नाहीस. तुझ्या पाठीला ते झेपायचं नाही.”

हौदाचं वाहून जाणारं पाणी त्या पन्हळीने रस्त्यापलीकडच्या दगडी कुंडात सोडायचं, असा बेत होता. शिवाशिव होत नाही म्हणून बैठकीने कुरकुर करत मान्य केलं. झाडणारी बाई आणि तिच्या घरचे त्या कुंडात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मडकी बुडवत होते, तेव्हा आम्ही रस्त्याच्या अलीकडे उभे होतो. मला आनंद झाला. दादाला झाला नाही.

“पाणी रस्ता ओलांडून गेलं,” तो म्हणाला. “आपण कुठे गेलो?”

आणि तो रस्ता ओलांडून कुंडापाशी गेला, तिथे बसून ओंजळीने पाणी प्यायला. वाळीत टाकण्याचं जे टळलं होतं ते मग झालंच. चार-पाच वर्षं आमच्या घरी कोणी जेवायला आलं नाही. माझं ठरलेलं लग्न मोडलं. दादाने माझ्यासमोर हात जोडले तेव्हा मी त्याला म्हटलं, ते हात खाली घे, नाटकी वाटतंय. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

शहर आम्हाला बंद झालं म्हणून आम्ही गावांकडे वळलो. वारज्याला, नदीकाठच्या आणखी गावांना. तिथे खळ्यांत, देवळापुढच्या पारांवर खेळ व्हायचे. मोबदल्यात कधी ज्वारी मिळायची, कधी भाजी. दादा-वहिनीची मुलगी आमच्याबरोबर गाडीत झोपायची. मला वाटतं दादाचं उत्तम काम त्याच काळातलं. समोर जाणकार नव्हते, बिदागी नव्हती. शेतावरून आलेली माणसं होती आणि त्यांना हसायचं होतं. वारज्याचा पाटील एकदा त्याला म्हणाला, “तुमी लई मोठं काम केलं म्हनं पुन्यात.” दादा म्हणाला, “ते राहू द्या. आजची सासू आवडली का?”

पुढे वाड्यातला तो सरदार मोहिमेवर गेला तो परत आला नाही. चावडीवर नवीन माणूस आला, आणि कोणीतरी शब्द टाकल्यावर शहरातली बंदी उठली. जातीतल्या जुन्या माणसांपैकी काही वारले, काही मवाळ झाले. दादाचा पहिला खेळ कसब्यातच ठेवला, देवळापुढच्या मोकळ्या जागेत, एका रंगपंचमीला. माझ्या मनात होतं की त्याने पाण्याचं सोंग आणावं. मी तसं म्हणालोही. तो म्हणाला, “ते झालं. आज त्यांना नुसतं हसू दे.”

त्याने नवरदेव आणला. स्वतःच्या लग्नाला निघालेला आणि वाट चुकून भलत्याच मांडवात शिरलेला. माणसं बरीच कमी होती. जुने शेजारी मागे मागे बसले होते. रस्त्यापलीकडे भिंतीपाशी कुंडावरची माणसं उभी होती, कारण त्यांना जवळ यायची सोय अजूनही नव्हती. दादाने पहिल्याच वाक्याला तोंड त्यांच्याकडे फिरवलं आणि आवाज चढवला. पुढच्या लोकांना त्याची एकच बाजू दिसत होती. ते जरा चुळबुळले, आणि मग त्याला नीट बघता यावं म्हणून एकेक उठून रस्त्याकडे सरकले.

त्याचे केस पिकायला लागले होते. उडी मारताना गुडघा कुरकुरायचा, ते मला मागून ऐकू यायचं. पण नवरदेव भलत्याच नवरीच्या आईच्या पाया पडला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी असं हसू आलं, की मला ताल धरता येईना.

घरी आल्यावर तो मुलासारखा खुशीत होता. “हसले रे!” मला पुन्हा पुन्हा सांगत होता. मग वहिनीकडे वळला. ती कोपऱ्यात भाकऱ्या थापत होती.

“तू आली होतीस ना? कसं झालं?”

“झालं की,” वहिनी म्हणाली. “नवरदेव जरा म्हातारा वाटला.”

आणि तिने तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकली.