एर्सिलियाच्या हातातली नळी

समुद्रतळाशी उतरलेल्या माणसाचा श्वास एर्सिलिया ऊएंचुरला बोटांत कळायचा. होडीवरच्या कॉम्प्रेसरची हवा ज्या नळीतून खाली जाते ती नळी धरून ती नवऱ्यासाठी, नोलबेर्तोसाठी, एकवीस वर्षं बसली. एक हिसका म्हणजे ठीक, चार म्हणजे ताबडतोब वर ये. चिली देशातल्या चिलोए बेटावरच्या त्या खाडीत तिच्याइतका तयार हात दुसरा नव्हता, आणि हे ती स्वतःच सांगत फिरायची.

खडकाला चिकटलेले लोको, म्हणजे मुठीएवढे शंख, नोलबेर्तो आधी पोत्यांनी काढायचा. भाव चढले तसं त्याने दुप्पट ताकदीचं हवेचं यंत्र घेतलं. यंत्र दुप्पट झालं, पोती अर्धी झाली. एर्सिलियाने टोकलं तर म्हणाला, याहून मोठं घेऊ. अकलेचा कांदा! यंत्राबरोबर दुकानातून शंख थोडेच येतात?

मग उत्तरेकडून परक्या होड्या आल्या, प्रत्येकीवर असंच यंत्र. दगडफेक झाली, दोन होड्या जळाल्या, नोलबेर्तोचे पुढचे दात गेले.

एका मंगळवारी सकाळी त्याने आपली होडी एका परक्या होडीला भिडवली, पलीकडे उडी घेतली आणि तिथे नळी धरून बसलेल्या माणसाच्या तोंडावर वल्हं हाणलं. जबडा मोडल्याचा आवाज आपल्या होडीत बसलेल्या एर्सिलियाने ऐकला. नोलबेर्तोने ती नळी ओढून तिच्या हातात कोंबली, वर सुरी दिली.

"काप."

"खाली माणूस आहे, नोलबेर्तो."

"म्हणून तर. आपल्या तोंडचा घास काढतोय तो."

राग तिलाही होता, चांगला होता. पण परक्याचा श्वासही बोटांना नवऱ्याच्या श्वासासारखाच लागत होता. तिने चार हिसके दिले. नोलबेर्तोने तिच्या कानशिलात भडकावली. तिने सुरी त्याच्यावर रोखली, पण नळी सोडली नाही.

पिकल्या मिशांचा एक पाणबुड्या वर आला. त्याच्या जाळीत चार लोको होते, अंगठ्याएवढे.

"एवढेच?" नोलबेर्तोने विचारलं.

"दोन तास फिरलो दादा," तो धापा टाकत म्हणाला. "खाली नुसता खडक आहे."

नोलबेर्तो रक्ताळलेलं वल्हं धरून त्या चार शंखांकडे बघत राहिला. एर्सिलियाने ते पाण्यात टाकले, आपल्या होडीतला लोखंडी नांगर उचलला आणि तुकडे होईपर्यंत नवऱ्याच्या यंत्रावर घातला. तो अडवायला आला नाही.

आता आपल्या होडीच्या नळीवर ती कपडे वाळत घालते. यंत्राची होडी दिसली की सुरी घेऊन धक्क्यावर उभी राहते, शेजारी वल्हं घेऊन नोलबेर्तो. खाली खडकाला पुन्हा लोको धरलेत का, कुणालाच माहीत नाही. ती कुणाला उतरूच देत नाही.