करडं कुंकू

मी किनवटला शाळेत विज्ञान शिकवतो. कुणी भुताखेताचं बोललं, की चार प्रश्न विचारून त्याला गप्प करणारा मीच. म्हणून हे लिहायला तीन वर्षं लागली.

तेव्हा मी ब्लॅक अँड व्हाइट फोटोग्राफी शिकत होतो. त्यात आधी नजर तयार करावी लागते... समोरचं दृश्य मनात रंगांविना बघायचं. लाल आणि हिरवा बऱ्याचदा एकाच करड्या छटेत जातात, ते फोटो काढण्याआधीच दिसलं पाहिजे. वर्षभर डोळे बारीक करून सराव केला. जमत नव्हतं.

पोळ्याला देवणीजवळ आमच्या गावी गेलो. दुपारी वहिनी ताट घेऊन बैलाला ओवाळायला अंगणात आली. कपाळावर लाल कुंकू, अंगावर हिरवं लुगडं... मी कॅमेरा उचलला आणि तिचा रंगच गेला. कुंकू, लुगडं, हात — सगळं करडं. पलीकडे फाटकाशी दुसरा बैल धरून उभ्या दादाचा फेटा मात्र गुलाबीच होता.

मला भीती वाटली नाही. आनंद झाला. वाटलं, नजर तयार झाली एकदाची.

"मास्तर, तुझा फोटो निघंस्तोवर बैल म्हातारा व्हईल," दादा तिकडून ओरडला.

"बैलाचं ऱ्हाऊ द्या, माझं बघा," वहिनी हसली. मग हळू आवाजात मला म्हणाली, "भावजी, उरका. पहाटेपासून चुलीम्होरं हाय. छातीत कसंतरी होऊन राहिलंय."

"दोनच मिनिटं, वहिनी. सावली सरकू द्या."

माझा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. पंधरा-वीस मिनिटं ती उन्हात उभी राहिली. ताट खाली ठेवायला वाकली, ती उठलीच नाही. उदगीरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दवाखान्याच्या पायरीवर दादानं विचारलं, "तुझ्याशी बोलत व्हती ती. काय तरास व्हतोय म्हणली का?"

मी म्हणालो, "न्हाई."

नांदेडला डोळे तपासून घेतले — दोष नाही. ऊन, थकवा, सगळी कारणं लावून बघितली. मग फक्त तिचाच रंग का गेला? दादाचा का नाही? तसं पुन्हा कधी झालंही नाही.

कॅमेरा रंगीतवर होता. फोटोत सगळे रंग जागच्या जागी आले. त्यातलाच एक फोटो दादानं मोठा करून भिंतीला लावलाय. आल्यागेल्याला दाखवतो — "माझ्या भावानं काढलाय. बघा, कशी हसून राहिली."

ती हसत नाहीये. छातीतली कळ दाबून उभी आहे.