हातमोज्यातलं दही

टेबल कितीही पुसा, पुढचा माणूस उठला की ग्लासाचा गोल डाग असतोच. आमच्या हॉटेलातले किस्से तसेच. एक सांगून होईपर्यंत दुसरा उमटलेला असतो.

हॉटेल सुरतच्या विमानतळावर, चेकिंगच्या आतल्या बाजूला. मी तिथे टेबलं पुसतो. आधीची सगळी उमर उधन्याला कापडगिरणीत लूमवर गेली. त्या खडखडाटात बोलून उपयोग नसायचा, म्हणून बोलणं कमी. ऐकूही जरा कमीच येतं. पण किस्से मात्र बरोबर ऐकू येतात!

*

आमच्या बोर्डावर ‘रेस्टॉरंट अँड बार’ असं लिहिलंय. आता गुजरातेत दारूबंदी. बारमध्ये मिळतो जिरा सोडा, लिंबू सोडा आणि ताक.

एकदा नागपूरचे एक गृहस्थ उंच स्टुलावर बसून सोड्यावर सोडा पीत होते. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अगं, बारमध्ये बसलोय, पण शप्पथ सांगतो, सोडा पितोय!”

बाईंना काही पटेना. शेवटी गृहस्थांनी फोन काउंटरवरच्या जिग्नेशच्या हातात दिला. जिग्नेश कळवळून म्हणाला, “भाभीजी, सच्ची! खाली सोडा है!”

तिकडून आवाज आला, “आप भी पीके बैठे हो!”

*

तव्यावर असते वत्सलाबाई. तिचा नवरा माझ्याच खात्यात लूम चालवायचा. तो गेला, तेव्हापासून ती भाकरी थापते. एकच मुलगी, ज्योती. लग्न होऊन बेंगळुरूला दिली.

मेनूत लिहिलंय ‘काठियावाडी रोटलो’. थापणारे हात मात्र खानदेशचे. एकदा एक म्हातारे प्रवासी अर्धी भाकरी खाऊन थांबले. उठले, थेट तव्यापाशी आले आणि अहिराणीत विचारलं,

“तू कथानी शेस व माय?”

“पारोळानी,” वत्सलाबाई लाजून म्हणाली.

म्हातारबांनी आणखी एक भाकरी मागवली आणि रुमालात बांधून घेतली. जाताना आमचे मॅनेजर मेहुलभाई दिसले, तर त्यांना थांबवून म्हणाले, “शेठ, मेनू चुकला तुमचा. हे काठियावाड नाही, आमचं घर आहे!”

*

वत्सलाबाईची एक सवय होती. आमच्याकडे माणूस लांब निघाला की त्याच्या हातावर दही-साखर ठेवतात. ती चाटायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. इथे उंबरा नाही, पण एकटा, बावरलेला प्रवासी दिसला की वत्सलाबाई तवा सोडून जायची आणि त्याच्या तळहातावर दही ठेवायची. कधी मुलाखतीला निघालेली पोरगी, कधी पहिल्यांदा दुबईला जाणारा हजीऱ्याचा वेल्डर. वेल्डर तर दही चाटून तिच्या पाया पडला होता.

पण एका बाईंनी तक्रार केली. मेहुलभाई तणतणत आले.

“वत्सलाबेन, आ शुं? उघड्या हाताने काही द्यायचं नाही! हातमोजा पाहिजे. पुन्हा तक्रार आली तर तव्यावर दुसरी बाई येईल.”

वत्सलाबाईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने हातमोजा घातला. आणि जोडीतला दुसरा समोरच्या प्रवाशाला घालायला दिला!

तो बिचारा सज्जन. हातमोज्यावरचं दही चाटूनपुसून खाल्लं आणि विमानाकडे गेला. मेहुलभाई कपाळाला हात लावून बघत राहिले.

*

एवढ्यांना वाटेला लावणारी ही बाई स्वतः मात्र विमानात बसायला तयार नव्हती. ज्योतीला दिवस गेलेले. ती रोज फोनवर म्हणायची, “आई, विमानानं ये.” ही म्हणायची, “रेल्वेनं येईन. अजून वेळ आहे.”

जिग्नेश छेडायचा, “मावशी, तुमचं दही खाऊन गेलेले सगळे पोचले ना?”

“पोचले. पण त्यांना दही द्यायला मी होते. मला कोण देणार?”

*

आणि एका सकाळी जावयाचा फोन आला. ज्योतीला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ती सारखी आईला बोलवत होती. रेल्वेने जाण्याइतका वेळ आता नव्हता. जावयाने विमानाचं तिकीट काढलं.

त्या दुपारी वत्सलाबाई आमच्या हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून आली. नवं लुगडं, मांडीवर पिशवी. मी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. जिग्नेशने सोडा आणून ठेवला. तिने हात लावला नाही.

बेंगळुरूच्या विमानाची घोषणा झाली. माणसं उठून रांगेला लागली. ही बसूनच.

“वत्सला, ऊठ,” मी म्हणालो. “पोर वाट बघतेय.”

“दादा, पाय उचलत नाही हो.”

दुसऱ्यांदा घोषणा झाली. तेवढ्यात आतून मेहुलभाई आले. हातात वाटी. खुर्ची न ओढता तिच्यासमोर खाली वाकले, बोटांनीच दही घेतलं, वर साखर टाकली.

“वत्सलाबेन, हाथ लाओ.”

तिने तळहात पुढे केला. दही चाटलं. पदराने तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि तडक चालायला लागली. रांगेत पोचली, तिकीट दाखवलं, आणि तिथूनच मागे वळून सगळ्यांसमोर ओरडली,

“साहेब, हातमोजा नव्हता! तक्रार करू का?”