भाजणी कोणी भाजली

नववीत असताना मी आमच्या शाळेच्या वर्तमानपत्राची संपादक होते. वर्तमानपत्र म्हणजे महिन्यातून एकदा निघणारी चार पानं. ऑफिसातल्या मशीनवर छापायची, मधोमध घडी घालायची आणि वर्गावर्गात वाटायची. मराठीच्या बाई आमच्या मार्गदर्शक. स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, दहावीचा निकाल यापलीकडे त्यात कधी काही आलं नव्हतं. बहुतेकांच्या वह्यांना त्याची कव्हरं व्हायची, आणि मला त्याचा फार राग यायचा.

त्याच वर्षी शाळेत उद्योग मंडळ सुरू झालं. गणिताचे सर ते चालवायचे आणि अध्यक्ष होती माझीच मैत्रीण. कर्वेनगरात आम्ही एकाच सोसायटीत राहायचो, तिसरीपासून बरोबर शाळेत जायचो. मंडळातल्या मुली थालिपिठाची भाजणी करून विकायच्या. पाकिटावर छापलेलं असायचं, ‘विद्यार्थिनींनी स्वतः भाजलेली’. पालकसभेच्या दिवशी टेबल लागलं की तासाभरात पाकिटं संपायची.

दिवाळीनंतर आंतरशालेय स्पर्धा होती, हिंजवडीतल्या एका कंपनीच्या सभागृहात. बातमीदार म्हणून मीही मंडळाच्या बसमधून गेले. मैत्रीण फार छान बोलली. शेवटी परीक्षकांपैकी एका बाईंनी सहज विचारलं, “भाजता कशी गं?”

“सगळी धान्यं एकत्र करून, मंद आचेवर तासभर,” ती म्हणाली.

मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. रात्री जेवताना मी आईला सगळं वाचून दाखवलं, तर ती हसायला लागली. “एकत्र? अगं, धने जळून कोळसा होतील आणि डाळ कच्चीच राहील. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं असतं. तुझ्या मैत्रिणीने कढई बघितली तरी आहे का?”

माझा घास हातातच राहिला. भाजताना फोटो काढायला येऊ का, असं मी मैत्रिणीला तीनदा विचारलं होतं आणि तीनही वेळा काहीतरी कारण निघालं होतं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी शाळेच्या मागच्या स्वयंपाकघराकडे गेले. मंडळाच्या तक्त्यावर त्या वेळी ‘भाजणी’ लिहिलेलं होतं. दाराला कुलूप होतं. शेजारी नळावर आमच्या शाळेच्या मावशी फडकी धूत होत्या. मावशी विदर्भातल्या. ठेकेदाराकडून झाडलोटीच्या कामाला लागलेल्या, नवरा आणि मुलाबरोबर वारज्यात राहणाऱ्या. त्यांच्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता, आणि तो ताजा होता.

“मावशी, भाजणी तुम्ही करता?” मी एकदम विचारलं.

त्यांनी फडकं पिळलं. मागे वळून पाहिलं. “कोनाले सांगू नको पोरी. सरांनी सांगून ठेवलं हाय. मी घरी भाजून आनते, पोरी पाकिटात भरतात.”

“पण बक्षीस त्यांना मिळालं!”

“मिळू दे ना. मले काय बक्षीस पायजे? काम पायजे.”

मी मान डोलावली. कोणाला सांगणार नाही, असं मी तोंडाने म्हटलं नाही. मान मात्र डोलावली होती, आणि पुढचे कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत होते की मान डोलावणं म्हणजे वचन नव्हे.

लेख मी एका बैठकीत लिहिला. मावशींचं नाव घातलं नाही. ‘शाळेतील एक महिला कर्मचारी’ असं लिहिलं आणि मला वाटलं, झालं, आता त्या सुरक्षित. शिक्षिका सोडल्या तर शाळेत महिला कर्मचारी दोनच होत्या. त्यातल्या दुसऱ्या बाई ऑफिसात टायपिंग करायच्या. हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे आलं होतं.

बाईंनी लेख दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे खरं आहे?”

“हो बाई.”

“मैत्रिणीला विचारलंस? सरांना?”

“ते नाहीच म्हणतील.”

“म्हणू देत. म्हटलं तर तेही छापायचं असतं. बरं, जिच्याबद्दल लिहिलंयस तिला तरी वाचून दाखवलंस का?”

खिडकीबाहेर पी.टी.ची शिट्टी वाजत होती. “हो,” मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सही केली.

सोमवारी अंक वाटला. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात कुजबुज सुरू झाली आणि त्या दिवशी एकाही वहीला त्याचं कव्हर झालं नाही. मैत्रीण माझ्या बाकाशी येऊन उभी राहिली. अंक तिच्या हातात चुरगळला होता.

“मला एकदा विचारता नाही आलं तुला? रोज बरोबर येतेस की.”

“विचारलं होतं. तीनदा.”

“फोटो काढू का विचारलं होतंस,” ती म्हणाली. “हे नव्हतं विचारलंस.”

पाचव्या तासाला शिपाई आला. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावलं होतं. केबिनमध्ये सर होते, मराठीच्या बाई होत्या, मैत्रीण होती, आणि दाराशी ओले हात पदराला पुसत मावशी उभ्या होत्या.

“मुलींना अनुभव मिळावा एवढाच हेतू होता,” सर म्हणाले. “थोडी मदत कोण घेत नाही? आणि हिचा पुरावा काय? ऐकीव गोष्ट.”

मोठ्या बाईंनी मावशींकडे वळून विचारलं, “तुम्ही भाजत होतात?”

मावशींनी आधी सरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

तेव्हा मराठीच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मावशी, घाबरू नका. हिने छापायच्या आधी तुम्हाला हे वाचून दाखवलं होतं ना?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्या हो म्हणतील. मला वाचवतील. मी मनातल्या मनात विनवणी करत होते, म्हणा, हो म्हणा.

“नाही,” मावशी म्हणाल्या. “मले नाही दाखवलं. मी सांगू नको म्हटलं होतं तिले.” मग त्यांनी पदर सोडला. “पन लिवलं ते खरं हाय. भाजनी मीच भाजते.”

मराठीच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते त्यांच्या रागावण्यापेक्षा वाईट होतं.

सर काहीतरी बोलायला लागले, पण मैत्रीण मध्येच म्हणाली, “मावशींना काढू नका. स्टेजवर खोटं मी बोलले. आणि मला माहीत होतं.” बाईंशी मीही खोटं बोलले होते, पण ते मी तिथे म्हटलं नाही.

बक्षीस परत गेलं. सरांकडून मंडळ काढून घेतलं. माझं संपादकपद गेलं, पण त्याआधी पुढच्या अंकात बाईंनी माझ्याकडूनच चौकट लिहून घेतली, की हा मजकूर संबंधित व्यक्तीची परवानगी न घेता छापला गेला आणि मार्गदर्शकांना खोटं सांगितलं गेलं. ‘सांगितलं गेलं’ खोडून बाईंनी लाल पेनाने लिहिलं, ‘मी सांगितलं’.

केबिनमधल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी मी मावशींची माफी मागायला गेले होते. त्या जिना झाडत होत्या. झाडू न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

“लिवलंच, तं नाव काहून नाही टाकलं?” त्या म्हणाल्या. “साऱ्याइले समजलंच की मी हाय. नाव टाकलं असतं तं पोराले दाखवलं असतं.”

पायरीवरून बाजूला हो, असं त्यांनी झाडूनेच सुचवलं.

जूनमध्ये शाळेचा ठेकेदार बदलला आणि मावशी आल्या नाहीत. ऑफिसात सांगितलं, नवीन ठेकेदाराने स्वतःची माणसं आणली. ते खरंही असेल. माझ्या लेखामुळे गेल्या की ठेक्यामुळे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मैत्रीण माझ्याशी दहावीची परीक्षा होईपर्यंत बोलली नाही. शेवटच्या पेपरनंतर गेटपाशी ती सायकल धरून उभी होती. “वारज्यात जाऊन बघायचं का?” तिने विचारलं. कुणाकडे, हे सांगावं लागलं नाही. आम्ही गेलो. दोन तास गल्लीगल्लीत विचारत फिरलो. एका बाईने त्यांची खोली दाखवली, तिथे दुसरंच कुटुंब होतं. ते लोक गावी परत गेले असतील, किंवा हिंजवडीकडे, असं कोणीतरी म्हणालं. परतताना उन्हात दोघी सायकली हातात धरून चालत होतो. मैत्रीण म्हणाली, “पुढच्या आठवड्यात हिंजवडीकडे विचारू.” मी हो म्हटलं.