बेंगास, म्हणजे तू यावंस

डोळा लागतो तो दुपारी अडीचला, क्लासच्या आतल्या खोलीत. तीनला मुलं येणार आणि आज हेमांगीला पहिल्यांदाच स्पॅनिशचा विध्यर्थ शिकवायचाय. आजवर तो मेनेझिस मॅडमच शिकवत. त्यांना जाऊन सतरा दिवस झाले. समोर वही उघडी आहे, 'बेनीर' म्हणजे 'येणे' या क्रियापदाची रूपं लिहून झाली आहेत. हेमांगी दंडावर डोकं टेकते. पंख्याची घरघर लांब लांब जाते.

"रूपं म्हण."

मेनेझिस मॅडम समोरच्या बाकावर बसल्यात, विद्यार्थ्यांच्या जागी. केस विंचरलेले नाहीत. या गेल्यात हे हेमांगीला पक्कं ठाऊक आहे. ते त्यांना सांगावं कसं, हे मात्र कळत नाही.

"बेंगा," ती म्हणते. "मी यावं."

"पुढे."

"बेंगास. तू यावंस."

"वाक्यात सांग."

वाक्य ओठांवर आहे. मॅडमनीच ते फोनवर म्हटलं होतं, हॉस्पिटलमधून, हसत हसत. 'किएरो के बेंगास.' तू यावंस असं मला वाटतं. "रविवारी नक्की येते," असं हेमांगी म्हणाली होती. मॅडम शुक्रवारीच गेल्या.

बाकाची आता खाट झालीय. फळा होता तिथे हिरवा पडदा आहे, फिनेलचा वास येतोय. हेमांगी मागे दार चाचपते. दार नाहीच.

"घाबरतेस कशाला, हेमा? आता अनेकवचन."

"बेंगामोस," तिच्या तोंडून निघून जातं. आपण यावं.

"आपण दोघींनी," म्हणत मॅडम सलाइन लावलेल्या हाताने तिचं मनगट धरतात. हात बर्फासारखा गार. खाटेची चाकं कुरकुरतात. पडदा सरकतो. पलीकडे नुसता बोळ, त्याला शेवट दिसत नाही. हेमांगी ओढली जाते.

"मॅडम, नको! मी यायला हवं होतं, चुकलं माझं, यायला हवं होतं मी!"

खाट थांबते.

"यावं, जावं हे अजून घडायचं असतं तेव्हा," मॅडम म्हणतात, वहीतली चूक दाखवावी तशा. "तुझं घडून गेलंय. सरळ सांग."

"मी... मी आले नाही."

"आता बरोबर."

पकड सुटते.

"मॅडम, दार उघडा ना!" बाहेर मुलं दार बडवतायत. तीन वाजून दहा मिनिटं. हेमांगी ताडकन उठते. कुडत्याची बाही वर सारते तर मनगटाच्या आत पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा, सलाइनची सुई हलू नये म्हणून लावतात तसला. कडेला अजून ओल आहे.

ती तो ओढून काढते. लव उपटून येते, चांगलंच दुखतं. दार वाजतच राहतं.