सगळ्यांना पाठ झालेला चेहरा

शूगनआजोबांचा चेहरा खास चित्रकलेच्या परीक्षेसाठीच घडवलाय, असं आमचे पान मास्तर म्हणायचे. जन्मभर चिएनतांग नदीत वाळूच्या होड्या चालवलेला म्हातारा. गालाची हाडं वर आलेली, कपाळावर खोल रेघा, नाक ठसठशीत. असा चेहरा कच्च्या हाताच्या पोरालाही जमतो, कारण सावली कुठं पडणार हे चेहराच सांगतो. गुळगुळीत चेहरा काढताना मात्र भल्याभल्यांची भंबेरी उडते.

हांगझोऊच्या बाहेर तेव्हा गल्लोगल्ली चित्रांचे क्लास होते. आमच्या क्लासात मी रंग शिकवायची. पोरं तिथंच राहायची. चित्राचं खरं वेड असणारी थोडी, बाकीची गणितात मार खाल्लेली. चित्राच्या परीक्षेत चांगले मार्क पडले की मोठ्या विद्यापीठात बाकीच्या विषयांचे कमी मार्क चालतात, म्हणून आईबाप आणून सोडत. कलेचा असा उपयोग होतो का हो, असं कुणी विचारलं की मी छातीठोकपणे हो म्हणायची.

आजोबांची नात यीनिंग हिचा हात मात्र खरोखर चांगला होता. आईबाप दूर वेनझोऊला बुटांच्या कारखान्यात, पोर आजोबांनीच वाढवलेली. तिला शांघायच्या विद्यापीठात जायचं होतं, आणि तिचं गणित बघता चित्राशिवाय दुसरी वाट नव्हती. आजोबा दिवसभर पोरांसमोर स्टुलावर बसायचे. त्या बदल्यात तिची फी माफ. म्हातारा याच्यावर इतका खूश होता की गावात सांगत फिरायचा, मी नुसता बसून नातीला शिकवतोय म्हणून.

पान मास्तरांची पद्धत सरळ होती. परीक्षेत कुणाचाही फोटो येऊ दे, आतली हाडं हीच, तेव्हा हा एक चेहरा डोळे मिटून काढता आला पाहिजे. पोरं कामाला लागली. आधी नाक, मग कान, मग गालाची सावली, सगळं पाढ्यासारखं घोटलं. कुणाचं चुकलं की मास्तर त्याच कागदावर स्वतःच्या हातानं दुरुस्त करून द्यायचे, आणि पोरं तो कागद जपून ठेवायची.

शरद ऋतूत एकदा जेवताना आजोबा नूडल्सचा वाडगा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "यू बाई, पोरं माझ्याकडं बघत नाहीत."

मी चेष्टा केली. या वयात कुणी बघावं असं वाटायला लागलं की काय, म्हटलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर रोजच्यापेक्षा उलट, उजवीकडं तोंड करून बसले. कुणी हरकत घेतली नाही. संध्याकाळी मी पोरांच्या कागद लावलेल्या फळ्यांमधून फिरले. एकूण एक कागदावर म्हातारा रोजच्यासारखाच डावीकडं बघत होता. यीनिंगच्याही.

मी मास्तरांना ओढत आणून दाखवलं. गृहस्थांनी मांडीवर थाप मारली. "बघा, पाठ झालाय!"

"पाठ नाही, मास्तर. पोरं आंधळी झालीत."

"तुम्ही रंगांचं बघा, यू बाई."

आणि पुढच्याच आठवड्यात माझा वर्ग मागच्या इमारतीत हलवला. माझा संताप झाला, पण नोकरी त्यांची, इमारत त्यांची. मी तिकडं जाण्याआधी आजोबांनी यीनिंगला समजावलेलं ऐकलं. बाळा, जरा मान वर करून बघत जा, एवढंच म्हणाले बिचारे. परीक्षा डोक्यावर, पोरगी वैतागलेली.

"आजोबा, तुम्ही फक्त हलू नका. बाकीचं मी बघते."

त्यानंतर म्हातारा हलला नाही. पोरं माझ्याकडं रंगाच्या तासाला यायची ती सांगायची, आजोबा आता मधल्या सुट्टीतही उतरत नाहीत, भिंतीसारखे बसतात. त्यांना त्याचं कौतुक. मला ते ऐकून बरं वाटायचं नाही. थंडी वाढत गेली तसं क्लासात बोलणंच बंद झालं. बाहेरून जाताना नुसती पेन्सिलींची खरखर ऐकू यायची.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी गेले. आजोबा डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून, सोयाबीनच्या दुधाचा गरम पेला छातीशी धरून उभे होते. यीनिंग बाहेर आली ती पांढरीफटक. काय आलं होतं, असं ते मफलरातूनच पुटपुटले. तिनं उत्तर मला दिलं.

"लहान मुलगी आली होती, बाई. गोबऱ्या गालांची. मी तिच्याकडं बघत होते आणि हात आजोबांनाच काढत होता. खोडलं, परत तेच. शेवटी वेण्या घातलेला म्हातारा झाला."

आजूबाजूला आमचीच पोरं उभी होती, त्यांना एकेक करून विचारलं. सगळ्यांनी तोच म्हातारा काढला होता. त्या कोवळ्या पोरीचा फोटो आणि तिच्यावर आमच्या क्लासनं चढवलेली ती हाडं डोळ्यांपुढं आली आणि मला शिसारी आली.

बाकीच्या विषयांच्या अभ्यासासाठी यीनिंग तिथूनच शाळेच्या वसतिगृहात परतली. निकालात तिचं शांघाय गेलं. पान मास्तर म्हणाले, यंदा पेपरच विचित्र काढला होता, पुन्हा वर्षभर बसू दे, आजोबा आहेतच. मी ती नोकरी सोडली. पण यीनिंगला सोडवेना. तिला म्हटलं, रविवारी आजोबांना घेऊन माझ्या घरी ये, आपण पहिल्यापासून सुरू करू.

दोघं आली. आजोबांना मी खिडकीशी खुर्चीत बसवलं, चहा केला. यीनिंगनं सवयीनं पेन्सिल काढली. मी ती काढून घेतली आणि सांगितलं, आज काढायचं नाही, नुसतं बघायचं.

आधी ती कंटाळली. मला पाठ आहेत ते, म्हणाली. मी म्हटलं, बघ तरी. मग बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली. ती उठली, आजोबांच्या अगदी जवळ गेली आणि त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. डावी पापणी खाली ओघळली होती. त्याच बाजूचा ओठही.

"आजोबा, हे कधी झालं?"

"परीक्षेच्या आधी," आजोबा म्हणाले. जीभ जड झाली होती. "क्लासात बसलो होतो तेव्हाच. तू हलू नका म्हणाली होतीस. म्हटलं, कुणाच्या तरी चित्रात येईलच."